स्वप्नातल्या नगरीत भांडी कोण घासतं?

प्रश्न: पुण्यात राज्यशास्त्रात पीएचडी करणाऱ्या एका वाचक मैत्रिणीचं पत्र आलं आहे. ‘समकालीन राजकीय तत्त्वज्ञानातील युटोपियन विचारांचे स्थान’ हा त्यांचा विषय; युटोपिया म्हणजे कल्पनेतला आदर्श समाज. आठवडाभर त्या जॉन रॉल्स आणि इतर राजकीय तत्त्वज्ञ मंडळींच्या सहवासात असतात आणि रविवारी घरकामगार महिलांच्या एका संघटनेचं काम करतात. एका बैठकीत त्यांनी हौसेनं विचारलं, “पन्नास वर्षांनी जग कसं असावं असं तुम्हाला वाटतं?” त्यावर एक बाई म्हणाल्या, “ताई, ते होईल तेव्हा होईल. कल्याण मंडळाच्या नोंदणीचं काय झालं तेवढं सांगा.” सगळ्या हसल्या. त्या दिवसापासून ताईंचं लिखाण ठप्प झालं आहे. गाइड म्हणतात, भावनेच्या भरात विषय सोडू नका. संघटनेतले सहकारी म्हणतात, धोरणाबद्दल काहीतरी ठोस लिही. घरचे म्हणतात, नेट झालंय, फेलोशिप संपत आलीय, कॉलेजात अर्ज टाक. पत्रात जाता जाता आणखी एक ओळ आहे: त्याच बाई निघताना म्हणाल्या, “माझ्या पोरीनं मात्र हे काम करायचं नाही.” ताईंचा प्रश्न: आदर्श समाजाचा विचार म्हणजे पोट भरलेल्यांचा छंद आहे का? विषय बदलू, की पीएचडीच सोडू?

उत्तर:

तुमच्या पत्रात त्या बाईंची दोन वाक्यं आहेत. पहिल्या वाक्यानं तुमची झोप उडवली. दुसरं तुम्ही जाता जाता लिहून टाकलंत. मला ते दुसरं जास्त वजनदार वाटतं.

नोंदणीची मागणी आहे त्या चौकटीतली आहे. कायदा आहे, मंडळ आहे, फॉर्म आहे, तो पुढे सरकत नाही. पण ‘माझ्या पोरीनं हे काम करायचं नाही’ हे वाक्य जरा ताणून बघा. एका पोरीपुरतं ते घरगुती स्वप्न आहे. बैठकीतल्या सगळ्याच बायका तेच म्हणतात, म्हणजे कोणाच्याच पोरीनं हे काम करायचं नाही. मग सोसायट्यांमधली धुणीभांडी, झाडू-फरशी करायची कोणी? एक तर ज्याची त्याने करायची, घरातल्या पुरुषांसकट. नाहीतर या कामाला असा पगार, अशा सुट्ट्या आणि असा मान हवा की कुठल्या आईला आपली पोर त्यात आली तर वाईट वाटू नये. ही दोन अगदी वेगळी जगं आहेत, आणि त्यातलं कुठलं हवं हा राजकीय तत्त्वज्ञानातला अस्सल प्रश्न आहे. तो तुमच्या बैठकीत विचारला गेला, फक्त तुम्ही विचारलात त्या वेळी नाही.

त्या हसल्या ते स्वप्नाला हसल्या असं तुम्ही धरून चाललात. मला वाटतं त्या प्रश्नाच्या घाटाला हसल्या. एक खाडा झाला की पैसे कापले जातात अशा बाईला पन्नास वर्षांनंतरचं चित्र रंगवायला सांगितलं तर ती दुसरं काय करणार? युटोपिया म्हणजे भविष्याचं रंगीत चित्र, हे तुमचं गृहीतक आहे. ते तुमचं एकटीचं नाही, निम्म्या ग्रंथालयाचं आहे. पण चित्र हा या विचाराचा सगळ्यात कच्चा भाग. बरीचशी युटोपियाची चित्रं आज वाचताना कंटाळवाणी वाटतात, काही तर भीतिदायक. त्यांनी स्वतःच्या काळातलं काय असह्य मानलं आणि काय बिनबोभाट तसंच राहू दिलं, हे मात्र फार बोलकं असतं.

इंग्रज लेखक टॉमस मोरच्या १५१६ मधल्या ‘युटोपिया’ या पुस्तकातलं बेटच घ्या, जिथून हा शब्द आला. तिथे खासगी मालमत्ता नाही, पैसा नाही, कामाचा दिवस सहा तासांचा, आणि सोन्याची किंमत इतकी कमी की त्याची मूत्रपात्रं बनवतात. इंग्लंडमध्ये मेंढ्यांच्या कुरणांसाठी शेतकऱ्यांना जमिनीवरून हुसकावलं जात होतं, त्या काळात हे लिहिणं धाडसाचं होतं. आता त्याच बेटावरच्या सामुदायिक भोजनगृहात जाऊ. स्वयंपाक कोण करतं? घराघरातल्या बायका, आळीपाळीने. आणि जड, घाणीची कामं? ती गुलामांकडे. म्हणजे मालमत्ता गेली, पैसा गेला, भांडी होती तिथेच राहिली. मोरची कल्पनाशक्ती राजवाड्यापर्यंत पोचली, मोरीपर्यंत पोचली नाही.

बंगाली लेखिका बेगम रोकेया यांनी १९०५ मध्ये ‘सुलतानाज ड्रीम’ ही छोटी गोष्ट लिहिली, त्यात स्वप्नातल्या देशात गेलेली पाहुणी स्वयंपाकघर बघायला जाते. तिथे धूर नाही, धुराडं नाही, सगळं स्वच्छ आणि उजेडाचं, कारण अन्न सूर्याच्या उष्णतेवर शिजतं. गोष्टीतल्या या देशात पुरुष पडद्यात आहेत आणि घरकामही तेच करतात. चेष्टेच्या सुरात लिहिलेली गोष्ट आहे ती, त्यात पुरुषांना कोंडणं हा काही कार्यक्रम नव्हे. पण लिहिणारीनं पहिल्या काही पानांतच स्वयंपाकघराचा पत्ता विचारला. याच बाईंनी १९११ मध्ये कलकत्त्यात आठ मुलींना घेऊन शाळा सुरू केली. एका हातानं स्वप्न लिहिणं आणि दुसऱ्या हातानं शाळेसाठी मुली गोळा करत फिरणं यात त्यांना काही विसंगती वाटलेली दिसत नाही. तुमच्या सहकाऱ्यांना ती का वाटते, हे त्यांना एकदा विचारा.

आता तुमच्या आठवडाभराच्या मंडळींकडे वळते. रॉल्सनं १९७१ मध्ये न्याय्य समाजाचा जो सिद्धान्त मांडला त्यात सगळे लोक नियम पाळतात असं मुद्दाम धरलेलं आहे. आधी आदर्श ठरवू, मग आजारांकडे बघू, असा तो क्रम. त्यावर दोन हरकती आल्या आणि दोन्ही तुमच्या कामाच्या आहेत. स्त्रीवादी विचारवंत सुझन ओकिननं १९८९ मध्ये दाखवलं की न्यायाची तत्त्वं ठरवायला बसलेले रॉल्सच्या कल्पनेतले प्रतिनिधी हे ‘कुटुंबप्रमुख’ म्हणून बसलेत. म्हणजे घराच्या आत काय चालतं याचा निकाल न लागताच न्यायाचा निकाल लागतो. तत्त्वज्ञ चार्ल्स मिल्सची २००५ मधली टीका याहून बोचरी आहे: वंशभेदासारखं वास्तव बाजूला ठेवून आदर्श रचला, की तो आदर्श त्या वास्तवावर पांघरूण घालण्याच्या कामी येतो. आपल्याकडे जात बाजूला ठेवून ‘सगळे नागरिक समान’ अशी सुरुवात करणारे लेख आठवले, की मिल्स काय म्हणतो ते लगेच कळतं.

तुमच्या सहकाऱ्यांना मात्र जवळचा वाटेल तो अमर्त्य सेन. २००९ च्या पुस्तकात सेन म्हणतात, पिकासो आणि दाली यांच्या दोन चित्रांतलं कुठलं सरस हे ठरवताना, मोनालिसा हे जगातलं सर्वोत्तम चित्र आहे हे माहीत असून काही उपयोग नाही. अन्याय कमी करायला परिपूर्ण न्यायाची व्याख्या लागत नाही. गुलामगिरी संपवणाऱ्यांनी आधी आदर्श समाजाचा आराखडा मंजूर करून घेतला नव्हता. हा मुद्दा मला पटतो, पण निम्माच. दोन पर्यायांची तुलना करायला ते दोन्ही पर्याय समोर टेबलावर असावे लागतात. टेबलावर काय ठेवायचं हे कोण ठरवतं?

इथे आपल्याच राज्यातली एक गोष्ट सांगते, कारण ती पुस्तकी चर्चेत फारशी येत नाही. राज्यघटनेच्या ४१ व्या कलमात कामाच्या हक्काचा उल्लेख आहे, पण तो मार्गदर्शक तत्त्वांत, आणि ती तत्त्वं कोर्टात जाऊन वसूल करता येत नाहीत असं ३७ वं कलम सांगतं. म्हणजे स्वप्नाला घटनेत जागा दिली, पण मागच्या खोलीत. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये सांगलीच्या तासगाव तालुक्यात विसापूरला ‘मागेल त्याला काम’ या कल्पनेचा प्रयोग केला. १९७२ च्या दुष्काळाच्या सुमाराला ती कल्पना राज्यभर गेली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. २००५ मध्ये केंद्राचा ग्रामीण रोजगार हमीचा कायदा आला, तो याच वाटेनं. ‘मागेल त्याला’ हे दोन शब्द बघा. १९६० च्या दशकातल्या कुठल्याही हिशेबी अधिकाऱ्यानं ते खोडले असते.

आणि पैसा? त्यासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर आणला. महाराष्ट्रात पगाराच्या स्लिपवर ‘पी.टी.’ म्हणून दोनशे रुपये कापलेले दिसतात, फेब्रुवारीत तीनशे. तो कर बसवला गेला तो शहरातल्या पगारदारानं गावातल्या मजुराच्या कामाचा भार उचलावा म्हणून. कापलेल्या दोनशे रुपयांवर कुरकुरणाऱ्या किती जणांना हे माहीत असतं कोण जाणे. हमीच्या कामांवर मजुरी रखडणं, खोटे हजेरीपट असली दुखणीही पुष्कळ होती. तरी सरकारकडे काम मागणं ही भीक न राहता मागणी झाली. सेन यांच्या टेबलावर आधी नसलेला पर्याय कोणीतरी आणून ठेवला आणि त्याच्या खर्चाची तजवीजही केली.

आता युटोपियाच्या विरोधकांचंही ऐकू, कारण ते सगळे काही नाकर्ते किंवा निर्दय नव्हेत. तत्त्वज्ञ कार्ल पॉपर व्हिएन्ना सोडून न्यूझीलंडला गेला आणि महायुद्ध चालू असताना त्यानं आपला मोठा ग्रंथ लिहिला, तो १९४५ मध्ये आला. त्याचं म्हणणं: समाज एकदाच मुळापासून नव्यानं बांधू बघणारे लोक आड येणाऱ्या माणसांना चिरडतात, तेव्हा दूरच्या सुखापेक्षा समोरचं दुःख दूर करा. विसाव्या शतकात जे झालं ते बघता हे हसण्यावारी नेता येत नाही. पण त्यानं नेमका धोका कुठे दाखवला? मला तो स्वप्न मोठं असण्यात दिसत नाही, त्या स्वप्नाला ‘नको’ म्हणायची सोय नसण्यात दिसतो.

गांधीजींनी ५ ऑक्टोबर १९४५ ला नेहरूंना लिहिलेल्या पत्रात स्पष्ट म्हटलं होतं की माझ्या मनातलं खेडं हे आजचं खेडं नाही, ते कल्पनेतलं आहे. तीन वर्षांनी, ४ नोव्हेंबर १९४८ ला, घटना समितीत आंबेडकरांनी खेड्याला संकुचितपणाचं आणि अज्ञानाचं डबकं म्हटलं. एकाला त्या खेड्यात स्वावलंबी माणूस दिसत होता. दुसऱ्याला त्या खेड्यात आपल्या माणसांना कुठे उभं करतात हे ठाऊक होतं. घटनेचा घटक खेडं नसून व्यक्ती ठरली यात आंबेडकरांच्या नकाराचा मोठा वाटा आहे. म्हणून त्यांना स्वप्नविरोधी म्हणायला जाल तर फसाल. १९३६ च्या, लाहोरला रद्द झालेल्या आणि मग स्वतः छापलेल्या भाषणात त्यांनी स्वतःचा आदर्श समाज सांगितलाच आहे: स्वातंत्र्य, समता, बंधुता. जातिनिर्मूलन हे त्या वेळी कोणाला व्यवहार्य वाटत होतं? आजही किती जणांना वाटतं? त्याच माणसानं त्याआधी नऊ वर्षं महाडला तळ्याच्या पाण्याचा, म्हणजे तुमच्या नोंदणीइतकाच समोरचा, प्रश्न हाती घेतला होता.

तुमच्या कामातली खरी पेचाची जागा मला वेगळीच दिसते, आणि ती तुमच्या पत्रात आलेली नाही. राजकीय तत्त्वज्ञ जेराल्ड गॉसनं २०१६ मध्ये हा पेच डोंगरांच्या रूपकात मांडला: जवळच्या टेकडीवर चढत राहिलात तर थोडं उंच जाल, पण सर्वांत उंच शिखर पलीकडे असेल तर तिकडे जायला आधी खाली उतरावं लागतं. मग काय करायचं? तुमच्या रविवारच्या भाषेत सांगायचं तर, २००८ च्या कायद्यातलं घरकामगार कल्याण मंडळ, नोंदणी, बोनस, पगारी सुट्टी ही जवळची टेकडी. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०११ च्या १८९ व्या कराराप्रमाणे आठवड्याला सलग २४ तासांची विश्रांती ही त्याच टेकडीवरची वरची पायरी. भारतानं तो करार मान्य केलेला नाही. या वाटेनं जाऊन ‘पोरीनं हे काम करायचं नाही’ हे शिखर जवळ येतं, की घरकाम हा एक कायमचा, सन्मानित, पण त्याच बायकांचा धंदा होऊन बसतो?

स्त्रीवादी तत्त्वज्ञ नॅन्सी फ्रेझरच्या १९९४ मधल्या निबंधात याच्या जवळचा विचार आहे. बायकांनीही पुरुषांसारखी पूर्ण वेळ नोकरी करावी, या आदर्शात घरचं काम नाहीसं होत नाही, ते विकत घ्यावं लागतं, आणि विकणारी कोण ते तुम्हाला सांगायला नको. त्यापेक्षा सगळ्यांचंच आयुष्य आज बायका जगतात तसं कमावणं आणि सांभाळणं दोन्ही मिळून बनलेलं असावं, असा पर्याय ती सुचवते. म्हणजे बदलायचं ते पुरुषांनी आणि त्यांच्या कचेऱ्यांनी.

माझा कौल विचाराल तर टेकडी आणि शिखर इथे एकाच दिशेला आहेत. हे काम आज त्याच बायकांच्या गळ्यात आहे ते स्वस्त आहे म्हणून. खाडा कापता येईना, दिवाळीचा बोनस चुकवता येईना, की घरातल्या कर्त्या पुरुषाला झाडू कुठे ठेवलेला असतो ते शोधावं लागेल. पण मी चुकत असेन तर? काम महाग झालं की लोक यंत्र आणतील, बाईला काढतील, आणि तिच्या पोरीपुढचे पर्याय तेवढेच राहतील. हे तपासणं हे प्रबंधाचं काम आहे, सदराचं नव्हे.

तेव्हा विषय सोडू नका, तो आवळा. ‘समकालीन राजकीय तत्त्वज्ञानातील युटोपियन विचारांचे स्थान’ या नावाखाली दहा प्रबंध मावतील. आदर्श समाजाच्या कल्पनांमध्ये घरकाम कोणाच्या माथी येतं, आणि त्या उत्तरावरून त्या कल्पनेची पारख करता येते का, एवढंच घेतलंत तरी मोर, रोकेया, रॉल्स, ओकिन, फ्रेझर एका धाग्यात येतात. समाजशास्त्रज्ञ एरिक ओलिन राइटनं २०१० मध्ये पर्यायांसाठी तीन प्रश्न सुचवले: हे हवंसं आहे का, उभं केलं तर टिकेल का, आणि आज आहोत तिथून तिथे पोचता येईल का. त्यात चौथा प्रश्न भांड्यांचा घाला. राइट यांच्या यादीतलं ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रेचं सहभागी अंदाजपत्रक १९८९ पासूनचं. तिथे वस्त्यांच्या सभांमधून शहराच्या खर्चाची भांडणं झाली. पुण्यात तीच कल्पना आली तेव्हा ती बहुतेक क्षेत्रीय कार्यालयात भरायच्या फॉर्मपुरती उरली, आणि फॉर्ममध्ये बाकडी आणि फुटपाथ. प्रवासात स्वप्नं कशी आक्रसतात यावर एक सबंध प्रकरण होईल, पण तो मोह तूर्त आवरा.

बैठकीबद्दल. भविष्याचं चित्र पुन्हा मागू नका. नोंदणी, बोनस, सुट्टी यांचं मागणीपत्र तयार कराल त्या दिवशी एकच गोष्ट विचारा: मनात असून कुठली मागणी आपण लिहीत नाही, लोक हसतील म्हणून? ती एका वेगळ्या कागदावर उतरवा. हे घरकामगारांपुरतं नाही. कुठल्याही संघटनेत, ग्रामसभेत, सोसायटीच्या वार्षिक सभेतसुद्धा निवेदन टाइप होताना कोणीतरी एक ओळ खोडतं. ‘मागेल त्याला’ ही तशीच ओळ होती, ती राहिली एवढाच फरक. खोडलेल्या ओळी जपून ठेवणाऱ्या संघटनेला दहा वर्षांनी आपण किती पुढे आलो आणि कुठे गप्प बसायला शिकलो हे दोन्ही दिसतं. मात्र त्या बायकांचं बोलणं प्रबंधात घ्यायचं असेल तर तसं आधी सांगा, परवानगी घ्या आणि लिहिलेलं मराठीत वाचून दाखवा. रविवारची कार्यकर्ती आणि सोमवारची संशोधक एकच आहे हे त्यांना माहीत असायला हवं. आणि त्यांनी ‘हे बरोबर नाही’ म्हटलं तर ते तळटीपेत ढकलू नका.

स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासात ‘आदर्शवाद विरुद्ध वास्तववाद’ असे दोन रकाने पाडणारे वाचकही मला लिहितात. त्यांना एवढंच सांगते की ‘वास्तववादी’ उत्तरातही एक स्वप्न दडलेलं असतं: आज आहे ते असंच चालू राहील, हे. ते फार जुनं आणि फार वेळा मोडलेलं स्वप्न आहे.

राहिला पीएचडी सोडण्याचा प्रश्न. खरं सांगा, तो त्या बाईंच्या वाक्यामुळे आला, की फेलोशिप संपत आल्यामुळे? पैशाची ओढाताण असेल तर तिला तत्त्वाचा मुलामा देऊ नका. तासिका तत्त्वावरची का होईना जागा बघा, अर्ज टाका, मुदतवाढीचे नियम विभागात नीट विचारून घ्या. त्यात कमीपणा काही नाही. नोकरी धरून प्रबंध पुरा करणाऱ्या बायकांची आपल्या विद्यापीठांत कमी नाही, घरचं सगळं करून वर. आणि त्यांच्या घरची भांडी कोण घासतं हाही तुमच्याच विषयातला प्रश्न आहे.

गाइडकडे जाताना नवा सिनॉप्सिस घेऊन जाऊ नका. तो बघितला की कुठल्याही गाइडला संशोधन समितीची पुढची तारीख आठवते आणि बोलणं तिथेच अडतं. मोरच्या भोजनगृहापासून रोकेयांच्या स्वयंपाकघरापर्यंतची पाच-सात पानं लिहा, ती त्यांच्यापुढे ठेवा आणि वाचायला आठवडा द्या. त्यांनी त्यावर लाल शाईनं भांडण केलं तर विषय जिवंत आहे असं समजा. शीर्षकाचा अर्ज मग करता येईल.